ट्रेलरवरून नेता येईल अशी छोटी शिडाची होडी: केबिनवाली घ्यावी की उघडी?

उथळपाणी

नमस्कार मंडळी. गेले तीन हंगाम मी क्लबच्या होड्यांवर शिकतेय. आता स्वतःची होडी घ्यायची असं घरात सगळ्यांचं ठरलंय. पाणी घरापासून गाडीने दीड तासावर. तिथे होडी कायमची ठेवायची सोय नाही, त्यामुळे ती ट्रेलरवर घराशेजारी राहणार आणि दर वेळी ओढून न्यावी लागणार. घराशेजारची जागा ट्रेलरच्या दांडीसकट साडेसहा मीटर. गाडीच्या कागदावर ओढायची मर्यादा १००० किलो लिहिली आहे.

आम्ही चौघं: मी, नवरा (उत्तम पोहतो, शिडाचं काही येत नाही), मुलगी १३ वर्षांची, मुलगा ९ वर्षांचा. मोठा जलाशय आहे, कधीतरी खाडीतही जाऊ.

माझा ओढा सहा-साडेसहा मीटरच्या, छोटी केबिन आणि वर उचलता येणारी कील (होडीखालचं वजनदार पातं) असलेल्या होडीकडे आहे. रात्र पाण्यावर काढता येईल, मुलं दमली तर आत आडवी होतील, पाऊस आला तर डोक्यावर छप्पर असेल. पण क्लबातली जुनी माणसं एकजात सांगतात, साडेचार-पाच मीटरची उघडी डिंगी (छोटी, बिनकेबिनची शिडाची होडी) घे. दोन्ही वापरलेलं कुणी आहे का इथे? जाहिरातीत सापडत नाही असं काही ऐकायचं आहे.

गाठमास्तर

दोन्ही वापरल्या आहेत, म्हणून लिहितो.

लांबी नंतर बघा, आधी मिनिटं मोजा. गाडी रॅम्पजवळ (होडी पाण्यात सोडायच्या उतारापाशी) थांबली, तिथपासून होडी पाण्यात सुटेपर्यंतची मिनिटं. माझी पहिली होडी ६.७ मीटरची केबिनवाली होती. तिची डोलकाठी एकट्याने उभी होत नसे. ट्रेलरवर आडवी बांधलेली काठी सोडायची, मागे सरकवून बुडातली पिन घालायची, बाजूच्या तारा कुठे अडकल्या तर नाहीत ना हे फिरून बघायचं. मग एकाने पुढची तार ओढायची आणि दुसऱ्याने काठी खांद्यावर घेऊन पावलापावलाने पुढे यायचं. त्यानंतर बूम (शिडाच्या तळाची आडवी काठी), दोन शिडं, सुकाणू, इंजिन. सगळं नीट झालं तर दीड तास. परतताना सव्वा तास. तुमचा जाण्यायेण्याचा प्रवास तीन तासांचा, त्यात हे पावणेतीन तास मिळवा आणि मग सांगा, शिडाला किती उरले.

पहिल्या वर्षी ती होडी ११ वेळा पाण्यात गेली. दुसऱ्या वर्षी ४ वेळा. तिसऱ्या वर्षी विकली. त्या होडीवर माझा अजून जीव आहे, पाण्यावर ती फार सुंदर चालायची. पण ती धक्क्याला बांधून ठेवायची होडी होती आणि मी तिला दर आठवड्याला रस्त्यावर काढत होतो.

आता वेफेरर आहे. ४.८२ मीटर, उघडी. ३५ मिनिटांत सुटते, बायको सोबत असेल तर पंचविसात. वर्षाला तीस वेळा तरी जातो.

वजनकाटा

मी फक्त त्या १००० किलोंवर बोलतो, कारण तिथेच निम्मा निर्णय होऊन जातो.

ही मर्यादा ट्रेलर, होडी आणि होडीत ठेवलेलं सगळं मिळून असते. कॅटालिना २२ घ्या, उचलत्या कीलच्या होड्यांत सर्वाधिक खपलेल्यांपैकी एक. लांबी साडेसहा मीटर. नुसत्या होडीचं वजन हजार किलोच्या आसपास, त्यातले अडीचशे एकट्या कीलचे. त्यावर दोन-चार क्विंटलचा ट्रेलर, इंजिन, इंधन, नांगर, साखळी, दोर, गाद्या, पाण्याचे कॅन. तुमच्या गाडीला ती झेपणार नाही, आणि दांडी धरली तर घराशेजारच्या जागेतही बसणार नाही. प्रश्न आवडीचा असता तर मी गप्प बसलो असतो.

उलट वेफेररचा सांगाडा १६९ किलोंचा. डोलकाठी, शिडं, सुकाणू, ट्रेलर सगळं धरून चारशेच्या आत राहतं. गाडीला मागे काही लावलंय हे चढावरही फारसं जाणवत नाही.

आणखी एक, कारण हे बहुतेक जण बघतच नाहीत. ट्रेलरच्या नाकाचं वजन, म्हणजे गाडीच्या हुकावर जो भार येतो तो, एकूण वजनाच्या साधारण ७ ते १० टक्के हवा. गाडीच्या कागदावर त्याचीही वेगळी मर्यादा असते, ती ओलांडायची नाही. घरातला माणसं तोलायचा काटा घ्या, त्यावर लाकडाचा ठोकळा उभा करा आणि ट्रेलरचं नाक त्यावर टेकवा. भार कमी भरला तर होडी ट्रेलरवर थोडी पुढे घ्या. नाक हलकं असलेला ट्रेलर वेगात डावीउजवीकडे झुलायला लागतो, आणि एकदा झुलायला लागला की ब्रेक मारून थांबत नाही, वाढतो. पाय हळूच वर घ्यायचा, सुकाणूचक्र सरळ धरायचं.

ओलेपाय

बूच. बूच. बूच. होडी पाण्यात सोडण्याआधी तळाच्या भोकाचं बूच लावलंय का ते बघा. बाकी चर्चा चालू द्या.

दोनशीडे

गाठमास्तरांशी अर्धा सहमत, अर्धा नाही.

मिनिटांचं म्हणणं खरं आहे. पण केबिन म्हणजे चैन, असं जे त्यातून ध्वनित होतं ते मला पटत नाही. माझी मुलं लहान होती तेव्हा उघड्या होडीत दोन तास झाले की कुरकुर सुरू व्हायची. ऊन, वारा, ओले कपडे, बसून बसून आखडलेले पाय. पाचएक मीटरची छोटी केबिनवाली आणली आणि तेच दोन तास सहा तासांचे झाले. आत उभं राहता येत नाही, नीट बसताही येत नाही, पण मूल तिथे गुहेत शिरल्यासारखं शिरतं. आमची धाकटी पुस्तक आणि टॉर्च घेऊन तासतास आत असायची.

आणि एक रात्र. वारा पूर्ण पडलेला. उथळ पाण्यात नांगर टाकला होता. रात्री कधीतरी जाग आली तर होडीच्या पोटाला पाणी अगदी हलकं टिचक्या मारत होतं. कान आणि पाणी यांच्यात बोटभर जाडीची भिंत. मुलगी पण जागीच होती, दोघंही काही बोललो नाही. ती आता मोठी झाली, घर सोडून गेली, पण फोनवर अजून त्या आवाजाचं नाव काढते.

तेव्हा उथळपाणी, केबिन मनातून काढू नका. फक्त साडेसहा मीटर काढा. वेस्ट वाइट पॉटरसारख्या साडेचार मीटरच्या केबिनवाल्या होड्याही असतात. वजन तुमच्या गाडीच्या आवाक्यात, डोलकाठी एका माणसाने उचलण्यासारखी. वेग बेताचा आहे, हे आधीच सांगतो.

गाठमास्तर

दोनशीडे, पॉटरला माझी काहीच हरकत नाही. फक्त चार माणसं तिच्या कॉकपिटमध्ये (बसायच्या उघड्या जागेत) गुडघ्याला गुडघा लावून बसतील. दोघांची होडी आहे ती. इथे चौघं आहेत, आणि मुलगी १३ ची, दोन वर्षांत आईएवढी होईल.

वेगाचं म्हणाल तर पाण्याला कापत जाणाऱ्या होडीचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीवर बांधलेला असतो. लांबीचं मीटरमध्ये वर्गमूळ घ्या, २.४३ ने गुणा, नॉटमध्ये (तासाला सागरी मैल) साधारण कमाल वेग मिळतो. साडेचार मीटरला ५.२ नॉट, सहा मीटरला ६. म्हणजे दीड मीटर लांबी वाढवून तासाला दीड किलोमीटर पदरात पडतो. हलकी डिंगी मात्र चांगल्या वाऱ्यात पाण्यावर उचलली जाते आणि हे गणित मोडून पळते. जड कीलवाली क्वचितच उचलली जाते.

नवखी

मध्येच प्रश्न विचारते, माफ करा. सेंटरबोर्ड आणि कील यात नेमका फरक काय? दोन्ही होडीच्या खाली लोंबणारी पाती आहेत ना? आणि कील असली की होडी उलटत नाही हे खरं का?

गाठमास्तर

नवखी, माफी कशाला, हा प्रश्न या धाग्याच्या मुळाशी आहे.

दोन्हींचं एक काम सारखं: होडीला आडवं सरकू न देणं. वारा बाजूने ढकलतो, पातं पाण्याला धरून राहतं आणि होडी पुढे जाते. पण सेंटरबोर्ड हलका असतो, लाकडी किंवा फायबरचा. तो होडीला सरळ उभं ठेवत नाही. ते काम होडीची रुंदी करते, आणि काठावर बसून बाहेर झुकलेली तुम्ही माणसं करता. कीलमध्ये शिसं किंवा लोखंड असतं. होडी कलायला लागली की तो भार तिला परत खाली ओढतो.

यातून एक गंमत होते. रुंद डिंगी सुरुवातीला घट्ट वाटते, पण एका मर्यादेपुढे कलली की आधार संपतो आणि ती आडवी होते. कीलवाली आधी पटकन थोडी कलते, नवख्याला भीती वाटते, पण जितकी कलेल तितका कीलचा जोर वाढतो. उलटतच नाही असं मात्र म्हणू नये. उचलती कील वर राहिली असेल, किंवा खाली आणून अडकवलेली नसेल, तर त्या भाराचा उपयोग होत नाही.

तिसरा प्रकार पाण्याच्या बॅलास्टचा, म्हणजे होडी सरळ ठेवणाऱ्या भाराचा. मॅकग्रेगर २६ मध्ये होडी पाण्यात उतरली की टाकीत पाणी भरतात, ५०० किलोंहून जास्त, आणि बाहेर काढताना रॅम्पवर सोडून देतात. रस्त्यावर होडी हलकी राहते. पण पाण्यात बुडालेल्या पाण्याचा भार जाणवत नाही, टाकीची एक बाजू पाण्याच्या वर यायला लागली की मगच तो काम करतो. त्यामुळे या होड्या सुरुवातीला बऱ्याच कलतात आणि मग घट्ट होतात. धाग्यातल्या जागेत ती बसणार नाही, पण कल्पना म्हणून माहीत असलेली बरी.

लाकूडवेडा

कुणी अजून म्हटलं नाही म्हणून मी म्हणतो: स्वतः बांधा.

१९६३ मध्ये मिरर नावाची ३.३ मीटरची डिंगी लोकांसमोर आली. जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांचं काम. घरी बांधता यावी म्हणूनच आखलेली. प्लायवुडचे तुकडे कापायचे, काठाला भोकं पाडायची, तांब्याच्या तारेने शिवायचे आणि सांध्यावर रेझिन आणि फायबरची पट्टी बसवायची. सांगाडा ४५ किलोंच्या थोडासा वर. हिची डोलकाठी, बूम आणि वरची काठी सगळं होडीच्या लांबीत मावतं, त्यामुळे गाडीच्या टपावरूनही नेता येते.

मी याच पद्धतीने सव्वाचार मीटरची बांधली. दोन हिवाळे लागले. पहिल्या दिवशी सपाट पडलेल्या फळ्या असतात. तार पिळत गेलं की त्या एकमेकींकडे वळायला लागतात, आणि एका संध्याकाळी, शेवटचे दहाबारा टाके पिळून झाल्यावर, समोर नाळेचा बाक उभा असतो. मी पक्कड खाली ठेवून नुसता बघत राहिलो होतो. मुलं १३ आणि ९ म्हणजे अगदी योग्य वय. सँडिंग करतील, रंग देतील, आणि आपल्या हाताने बांधलेल्या होडीला ती जिवापाड जपतील.

वजनकाटा

लाकूडवेडा, मनापासून लिहिलंय, वाचून हात शिवशिवले. पण उथळपाणींना या हंगामात पाण्यात जायचंय. दोन हिवाळे म्हणजे मुलगी पंधराची.

लाकूडवेडा

ते आहेच. पण मिरर जुनी बांधलेली मिळते. जगभरात सत्तर हजारांहून जास्त बांधल्या गेल्यात. मुलांसाठी दुसरी होडी म्हणून तरी डोक्यात ठेवा.

तिरकावारा

सगळे एकाच पोटाच्या होड्यांवर बोलताय. दोन पोटांची? होबी १६: ५.०४ मीटर, १४५ किलो, खाली पातंच नाही, वाळूवर थेट चढते. वाऱ्यात जे पळते ते एकदा अनुभवलं की बाकी होड्या बैलगाडी वाटतात.

दोनशीडे

तिरकावारा, पळते हे खरंच. पण रुंदी २.४१ मीटर, घराशेजारी बाकी काही राहणार नाही. आणि उलटली की सरळ करायला पुरेसं वजन लागतं. आई आणि ९ वर्षांचा मुलगा एवढेच असतील तर दोर धरून लोंबकळत बसावं लागेल. तिची गादी म्हणजे नुसती जाळी, चौघं दिवसभर त्यावर बसणार का? मुलगी सोळाची झाली की तिला द्या ही होडी. आत्ता नको.

तिरकावारा

मान्य. वजनाचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. आम्ही दोघं मोठी माणसं चालवतो.

भरतीओहोटी

चांगला धागा आहे, पण रॅम्पबद्दल कुणीच बोललं नाही, आणि माझं सगळं नुकसान पाण्यात नाही, रॅम्पवर झालंय.

बेअरिंग. दीड तास हायवेवर चालून आलेल्या ट्रेलरच्या चाकांचे हब तापलेले असतात. तसेच पाण्यात घातले की आतली हवा एकदम आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ग्रीस दुधट होतं, मग गंज. माझं एक बेअरिंग परतीच्या रस्त्यावर रात्री साडेनऊला गेलं. आधी बारीक किरकिर, मग जळका वास, मग चाक तिरकं. तेव्हापासून नियम: पोहोचल्यावर आधी डोलकाठी आणि शिडांचं काम, तोवर हब थंड होतात, हाताला गार लागले की मगच पाण्यात. हलकी डिंगी असेल तर आणखी चांगला उपाय आहे. ती छोट्या हातगाडीवर बसवलेली असते, ती गाडी रस्त्याच्या ट्रेलरवर. हातगाडी ओढून पाण्यात न्यायची, रस्त्याचा ट्रेलर भिजतच नाही.

विजेच्या तारा. डोलकाठी उभी करण्याआधी वर बघा. आणि उभ्या काठीने होडी रॅम्पकडे नेण्याआधी परत बघा. ॲल्युमिनियमची काठी आणि तारा यांची गाठ पडून माणसं गेलेली आहेत. यात मी कुणाचं काही ऐकून घेत नाही, मुलांनासुद्धा हेच पहिलं शिकवा.

ओहोटी. खाडीतला रॅम्प सकाळी पाण्यापर्यंत असतो, दुपारी चिखलापर्यंत. जाण्याआधी भरतीचं वेळापत्रक बघा. जड होडी घेऊन चिखलात अडकलेली गाडी सहा तास हलत नाही. दीडदोनशे किलोंची डिंगी चार माणसं मिळून सोडवतात.

नवखी

हे बेअरिंगचं माहीतच नव्हतं. लिहून ठेवलं.

ओलेपाय

उघडी डिंगी घेणार असाल तर पहिल्या आठवड्यात ती मुद्दाम उलटवा. उथळ नाही, खोल पाण्यात, शांत वाऱ्यात, क्लबची होडी जवळ असताना. सगळ्यांनी तरंगजाकीट घालून, मुलांसकट.

आम्ही केलं तेव्हा कळलं की काठीच्या टोकाला फुगा बांधला नाही तर होडी आडवी न राहता पूर्ण पालथी होते आणि उथळ पाणी असेल तर काठीचं टोक चिखलात रुततं. फुगा लावल्यावर आडवीच राहिली. मी सेंटरबोर्डवर चढून मागे झुकलो, भाऊ आतल्या बाजूला बाक धरून तरंगत राहिला, होडी उठली ती त्याला आत घेऊनच उठली. मग वीस मिनिटं बादलीने पाणी. हे एकदा केल्यावर मुलाच्या चेहऱ्यावरची भीती गेली. तोवर वाऱ्याची झुळूक आली की तो काठ घट्ट धरायचा.

गाठमास्तर

ओलेपाय, फार महत्त्वाचं लिहिलंत. त्याला जोडून: वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. १० नॉटचा २० झाला की जोर चौपट. नुसता १२ चा १७ झाला तरी दुप्पट. म्हणून होडी घेताना मोठ्या शिडाला रीफ घालायची, म्हणजे ते थोडं दुमडून लहान करायची सोय आहे का ते बघाच. बऱ्याच शर्यतीच्या डिंग्यांत ती नसते. कुटुंबाच्या होडीला ती हवीच, आणि घालायची ती धक्क्यावर, निघण्याआधी.

भरतीओहोटी

अवांतर: वेफेररचं नाव निघालंय तर फ्रँक डाय यांचा उल्लेख व्हायलाच हवा. १९६३ मध्ये हा माणूस एका जोडीदारासह त्या उघड्या ४.८२ मीटरच्या होडीतून स्कॉटलंडहून आइसलंडला गेला. पुढच्या वर्षी नॉर्वेला, वाटेत वादळात डोलकाठी मोडली तरी पोहोचला. रात्री बूमवरून ताडपत्रीचा तंबू टाकून तळफळ्यांवर झोपायचा.

दोनशीडे

अवांतरात माझी भर: शेन ॲक्टन. १९७२ ते १९८० या काळात साडेपाच मीटरच्या प्लायवुडच्या श्रिम्पीतून पृथ्वीप्रदक्षिणा. तिला केबिन होती बरं का!

गाठमास्तर

दोघांनाही सलाम. पण उथळपाणी, डाय यांच्याकडून घ्यायचं ते एकच: बूमवरचा तंबू. केबिनचं निम्मं काम तो करतो. शांत खाडीत नांगर टाका, बूम थोडी वर बांधा, ताडपत्री दोन्ही काठांना अडकवा. दोन मोठी माणसं तळफळ्यांवर आरामात झोपतात, मुलांसाठी किनाऱ्यावर छोटा तंबू. घडी केली की एका पिशवीत मावतो.

उथळपाणी

तीन आठवड्यांनी परत येतेय, उशिराबद्दल क्षमा. प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचला. शनिवारी दोन जुन्या होड्या बघून आलो.

पहिली सहा मीटरची केबिनवाली. वजनकाटांचं गणित माहीत असूनही गेले, मनातून जात नव्हती म्हणून. आत शिरल्याबरोबर मुलगा आडवाच झाला. मालक खूप सज्जन. पण क्लबातल्या एका काकांनी सांगितलं होतं तसं मी चमच्याच्या दांड्याने डेकवर टकटक करत गेले. सगळीकडे टणटण आवाज, आणि डोलकाठीच्या बुडाभोवती हातभर जागेत एकदम भद्द. तिथे पाय दाबला तर डेक किंचित खाली गेला. मालकांना खरंच माहीत नव्हतं, त्यांचा चेहरा पडला. मग विचारलं, काठी उभी करून दाखवाल का? तिघांनी मिळून ४० मिनिटं लागली, आणि ती नुसती काठी.

दुसरी वेफेरर. जुनी, फायबरची, रंग उडालेला. ही मात्र नवऱ्याने आणि मी, दोघांनी पहिल्यांदाच हात लावून, मालकीणबाई सांगतील तसं करत ५२ मिनिटांत शिडासकट उभी केली. अजून घेतलेली नाही. काय काय तपासून घेऊ?

लाकूडवेडा

चमच्याची परीक्षा उत्तम केलीत. डेकच्या आत बाल्सा किंवा प्लायचा थर असतो, जुन्या स्क्रूच्या भोकातून पाणी झिरपून तो कुजतो. भद्द आवाज म्हणजे तेच. दुरुस्त होतं, पण वरचा थर कापून काढावा लागतो.

वेफेररमध्ये पुढचे-मागचे हवाबंद कप्पे उघडून हात घाला. ओल, चिखल, कुबट वास आहे का? झाकणांची रबरं चिरली आहेत का? होडी उलटली तर हेच कप्पे तिला तरंगत ठेवतात. मग सेंटरबोर्ड खाली सोडून डावीउजवीकडे हलवा. पिन झिजली असेल तर खडखडेल. त्याच्या पेटीच्या तळाशी बारीक भेगा बघा.

भरतीओहोटी

डोलकाठीच्या तारांवरून कापडाचा तुकडा फिरवा, बोट नको. तुटलेली तार कापडाला धरते. शिडाची शिवण नखाने खरवडा. उन्हाने कापडाआधी दोरा जातो, दोरा तुटला तर शिवण नव्याने घालून मिळते. कापडच मऊ फडक्यासारखं झालं असेल तर नवं शीड धरून चाला.

ट्रेलरचं चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा आणि कान लावा. टायरला वरून खाच असली तरी बाजूच्या भिंतीवर भेगा असतात, उभ्या उभ्या म्हातारे झालेले टायर असे फुटतात.

तिरकावारा

नवऱ्याला शिडाचं काही येत नाही ही तर सगळ्यात चांगली बातमी आहे. एका होडीवर एकच कप्तान.

वजनकाटा

५२ मिनिटं, पहिल्याच दिवशी, अनोळखी होडी! गाठमास्तरांची ३५ मिनिटं फार लांब नाहीत.

दोनशीडे

मी केबिनचा पक्ष लढवला, पण भद्द वाजणाऱ्या डेकचा लढवणार नाही. वेफेरर घ्या. आणि बूमचा तंबू पहिल्याच हंगामात शिवून घ्या, पुढे ढकलू नका. तो पाण्याच्या टिचक्यांचा आवाज तळफळ्यांवरूनही ऐकू येतो.

उथळपाणी

मंडळी, वेफेरर घरी आली.

कप्पे कोरडे, एका झाकणाचं रबर बदललं. पिन ठीक. टायर दोन्ही नवे घातले. नाकाचा भार काट्यावर २४ किलो भरला, ट्रेलरसकट सगळं ३४० किलो, म्हणजे सात टक्के. रविवारी शांत वाऱ्यात मुद्दाम उलटवली, काठीला फुगा बांधून, क्लबची होडी शेजारी उभी. मी बोर्डवर, मुलगी आतून. दुसऱ्या वेळी तिने हट्टाने जागा बदलली आणि होडी तिने उठवली. धाकटा क्लबच्या होडीतून मोजत होता.

काल चौथी फेरी झाली. ४१ मिनिटं. काठी उभी करायचं काम आता नवऱ्याचं, आणि तो आधी वर तारा बघतो हे मुलगा तपासतो. तंबूचं कापड आणलंय.

एकच अडचण: तळाशी पाणी बाहेर ओढून टाकणारी जी झडप आहे, ती बंद केली तरी तासाभरात अर्धी बादली पाणी येतं. चालत असताना येत नाही, थांबलो की येतं.

ओलेपाय

अभिनंदन! चालताना झडपेखालचं पाणी बाहेर ओढलं जातं म्हणून कळत नाही. रबरी गोल चकती कडक झाली असणार. झडप उघडा, चकतीखाली वाळूचा कण अडकलाय का ते आधी बघा. नसेल तर चकती बदला.

उथळपाणी

वाळूच होती. दोन कण. काढल्यावर टिपूसभरही येत नाही.